अठ्ठाविसावं नाव

कोरणारा : अठ्ठावीस होतात, भाऊसाहेब.

भाऊसाहेब : सत्तावीस.

कोरणारा : मी तीनदा मोजली नावं.

भाऊसाहेब : मी पंचवीस वर्षं मोजतोय. टाकी पडल्यापासून या गावात कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सत्तावीस म्हणेल. पेपरात सत्तावीस, चौकशीच्या अहवालात सत्तावीस आणि नगराध्यक्षांच्या उद्याच्या भाषणातही सत्तावीस. भाषण मीच लिहिलंय.

कोरणारा : भाषणात खाडाखोड चालते. हा दगड आहे.

भाऊसाहेब : तेच म्हणतोय मी. उद्या सकाळी दहाला पडदा बाजूला करायचा, आणि तुम्ही आज दुपारी तीनला निरोप पाठवता की मथळ्यात आकडा काय घालू?

कोरणारा : तुमच्या कागदात मोकळा होता. 'पाण्याची टाकी कोसळून मृत्यू पावलेल्या', पुढे तीन टिंबं, पुढे 'नागरिकांच्या स्मरणार्थ'. आता टिंबं काही मी कोरत नाही. म्हटलं नावं मोजून घालावा आकडा. मोजली, अठ्ठावीस आली. म्हटलं साहेबांना विचारावं. आधी विचारायला हवं होतं, पण मथळा शेवटी येतो माझा.

भाऊसाहेब : मथळा शेवटी? सगळं जग मथळ्यापासून सुरू करतं.

कोरणारा : जग करतं, मी खालून वर जातो. वरून खाली आलं की काय होतं, सुरुवातीची माणसं ऐसपैस बसतात आणि शेवटच्या दोघातिघांना जागा उरत नाही. मग त्यांना दाटीवाटीनं कोंबायचं. एकदा केलं होतं मी तसं, दुसऱ्या गावच्या एका दगडावर. शेवटच्या माणसाची बायको आली, बघत उभी राहिली आणि गेली. मला चार दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून खालून वर. जागा कमी पडली तर मथळ्याला पडते. मथळा बारीक झाला म्हणून कोणी रडत नाही.

भाऊसाहेब : मथळ्यात नगरपालिकेचं नाव आहे.

कोरणारा : ते बारीक आलंय.

भाऊसाहेब : बरं. आता यादी काढा, एकेक नाव ताडून बघू. मी वाचतो दगडावरून, तुम्ही कागदावर बोट ठेवा. खालून जाऊ, तुमच्या पद्धतीनं.

कोरणारा : हे शेवटचं बघा, सुरुवात केली ती याच्यापासून. ताज्या हाताचं आहे. बोट लावून बघा, अख्ख्या दगडावर एवढं खोल दुसरं नाही.

भाऊसाहेब : थांबा, चष्मा लावतो.

कोरणारा : लावा की.

भाऊसाहेब : हे...

कोरणारा : का? वेलांटीबिलांटी चुकली?

भाऊसाहेब : वेलांटी ठीक आहे. हे माझं नाव आहे.

कोरणारा : कोणाचं?

भाऊसाहेब : माझं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

कोरणारा : तुमचं नाव भाऊसाहेब ना?

भाऊसाहेब : भाऊसाहेब असं बारशाला ठेवतात का कोणी?

कोरणारा : मला काय कल्पना? मी नऊ वर्षांपूर्वी आलो या गावात. कचेरीत तुम्ही भाऊसाहेब, चहाच्या टपरीवर भाऊसाहेब. परवा तुमच्या मिसेस दगड बघायला आल्या, त्या नुसतं 'यांनी' आणि 'यांना' म्हणत होत्या. त्यांनीही बघितला की दगड.

भाऊसाहेब : ती म्हणाली, सुरेख झालाय.

कोरणारा : त्यांनी खालपर्यंत वाचलं नसेल.

भाऊसाहेब : माझं नाव तुम्हाला दिलं कोणी?

कोरणारा : तुम्ही. हा कागद घ्या. सत्तावीस नावं, आणि त्यांच्याखाली, त्याच टाइपात, त्याच रांगेत, अठ्ठाविसावं.

भाऊसाहेब : अहो, ते 'तपासले' आहे. यादी मी तपासली म्हणून खाली माझं नाव. नावाच्या वर 'तपासले' असा शिक्का आहे.

कोरणारा : कुठे आहे?

भाऊसाहेब : इथे... हा झेरॉक्स आहे का?

कोरणारा : तुमच्या शिपायानं हाच दिला.

भाऊसाहेब : शिक्क्याची आणि सहीची निळी शाई उतरली नाही झेरॉक्समध्ये. पॅड कोरडं पडलंय आमचं. मी नवीन पॅड मागवत नाही, थुंकी लावली की वर्षभर चालतं.

कोरणारा : चाललं.

भाऊसाहेब : पण यादीला आकडे नव्हते का? एक, दोन, तीन?

कोरणारा : पहिल्या यादीला होते. मग कोणाचं तरी म्हणणं पडलं की आमचा माणूस एकोणिसावा का. मग तुम्हीच सांगितलंत आकडे काढा, बाराखडीनं लावा.

भाऊसाहेब : बाराखडीत माझं नाव शेवटी येतं का?

कोरणारा : येत नाही. तेवढं मला खटकलं होतं. म्हटलं उशिरानं गेला असेल माणूस. दवाखान्यात वगैरे. मला वाईटही वाटलं जरा. म्हणून जास्त मन लावून कोरलं.

भाऊसाहेब : आणि नाव पूर्ण लिहायची सवय माझीच. नुसती सही कोणाचीही असू शकते म्हणून मी सहीखाली कायम पूर्ण नाव घालतो. तेहेतीस वर्षं नोकरी झाली, एक कागद सुटलेला नाही.

कोरणारा : हाही नाही सुटला.

भाऊसाहेब : हे बघा, चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. आजवर माझ्या नावावर एक ठपका नाही. उद्या तिथे सगळं गाव असणार. ज्यांची माणसं गेली ते असणार. मला पुढच्या रांगेत बसायचंय. आता सांगा, यावर उपाय काय?

कोरणारा : नवा दगड.

भाऊसाहेब : किती दिवसांत?

कोरणारा : खाणीतून यायला दोन महिने.

भाऊसाहेब : हाच सगळा घासून पुन्हा कोरला तर?

कोरणारा : घासला तर सगळेच जातील, तुम्ही आणि ते सत्तावीस. कोरायला पुन्हा दीड महिना.

भाऊसाहेब : मग फक्त मला घासा.

कोरणारा : घासतो. पण तुम्ही खोल आहात. तुम्ही जाईपर्यंत तेवढी पट्टी अर्धं बोट आत जाणार. म्हणजे सगळा दगड आरशासारखा सपाट आणि खाली एक रिकामा खळगा. लोक वाचत वाचत खाली येतील आणि विचारतील, इथे कोण होतं?

भाऊसाहेब : लांबी भरा की. दगडाची भुकटी आणि ते काय केमिकल असतं ते.

कोरणारा : भरतो. उद्या काही कळणार नाही. पण ऊन, पाऊस, थंडी लागली की लांबी आक्रसते. दोन वर्षांत तुम्ही दिसायला लागाल.

भाऊसाहेब : एकदम?

कोरणारा : हळूहळू. आधी आडनाव.

भाऊसाहेब : लोक काय म्हणतील?

कोरणारा : तोवर निवृत्त झालेले असाल. म्हणतील, गेले वाटतं.

भाऊसाहेब : तुम्हाला चेष्टा सुचतेय. उद्या दहाला पडदा निघतोय.

कोरणारा : मी चेष्टा करत नाही. माझीही इभ्रत आहे. मेलेल्यांच्या दगडावर जिवंत माणूस कोरला, हे बाहेर गेलं तर मला उद्या नावाच्या पाट्यासुद्धा कोणी देणार नाही. सरळ मार्ग एकच आहे. तुम्हाला घासायचं, आणि त्या जागी दुसरं नाव कोरायचं. नावं आतच असतात, जरा जास्त आत असलं तर कोणाला कळत नाही.

भाऊसाहेब : दुसरं नाव आणू कुठून? सत्तावीसच माणसं मेली.

पॉलिशवाली : अठ्ठावीस.

भाऊसाहेब : या कोण?

कोरणारा : पॉलिश करते आमच्याकडे. सहा वर्षं झाली. हा दगड ट्रकमधून उतरवून घेतला तो हिनंच, आणि घासूनही हिनंच आणला. अगं, तू कधी आलीस?

पॉलिशवाली : मी गेलेच नव्हते, काका. मागे त्या ओट्याचा दगड घासतेय. पाणी बंद केलं म्हणून तुमचं बोलणं ऐकू आलं.

भाऊसाहेब : बाई, सरकारी आकडा सत्तावीस आहे.

पॉलिशवाली : माझे वडील धरून अठ्ठावीस.

कोरणारा : तुझे वडील टाकीखाली गेले म्हणाली होतीस. मी धरून चाललो की यादीत असतील. कुठलं नाव तेही विचारलं नाही, म्हटलं उगाच कशाला खपली काढायची.

पॉलिशवाली : यादीत नाहीत ते. आणि टाकीखाली नाही, टाकीवर होते.

भाऊसाहेब : टाकीवर...

पॉलिशवाली : व्हॉल्व्हमन होते. पाणी सोडायचे.

भाऊसाहेब : हं. त्यांचं नाव नियमात बसलं नाही, बाई. मथळ्यात 'नागरिक' असा शब्द आहे. ते कर्मचारी होते.

कोरणारा : कर्मचारी नागरिक नसतो?

भाऊसाहेब : कामाच्या वेळेत नसतो. शिवाय चौकशीत त्यांच्यावर दोष आला होता. टाकीला तडा गेलेला असताना रात्री ती काठोकाठ भरली. जागा सोडली. वरिष्ठांना कळवलं नाही. अशा माणसाचं नाव बाकीच्यांच्या शेजारी कोरलं तर त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? स्मारक समितीनं सगळा विचार करूनच ठरवलंय.

पॉलिशवाली : भरा म्हणून चिठ्ठी आली होती. दुसऱ्या दिवशी कोणी मोठे साहेब नळांचं उद्घाटन करणार होते. आणि जागा सोडली म्हणजे वर चढले. सकाळी सात वाजता तड्यातून धार लागलेली दिसली, तर शिडीवरून वर जाऊन वरचा व्हॉल्व्ह बंद करायला लागले. खाली बसथांबा, खाली नळाची रांग. वरून ओरडत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. कोणी हललं नाही. ते रोजच ओरडायचे, रांगेवर. लोकांना वाटलं, लागला हा पुन्हा.

कोरणारा : अरेरे.

पॉलिशवाली : ज्या शिंप्याचं नाव वरून चौथं आहे ना, त्यांच्या मुलानं सांगितलं मला. तो हलला, म्हणून वाचला. त्याच्या घरच्यांना काय वाटेल ते त्याला विचारा.

भाऊसाहेब : हे सगळं असेल. पण कळवलं नव्हतं, हा मुद्दा राहतोच. अहवालात स्पष्ट आहे, 'पूर्वसूचना मिळाल्याची नोंद आढळत नाही'.

पॉलिशवाली : तीन पत्रं दिली होती.

भाऊसाहेब : कोणी?

पॉलिशवाली : मी. वडिलांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, मी लिहायचे. सातवीत होते. 'टाकीच्या पूर्वेच्या खांबाला उभा तडा गेला असून त्यात माझा हात मनगटापर्यंत जातो.' पहिल्या पत्रात बोट जात होतं. दुसऱ्यात तळहात. शाळा सुटल्यावर खिडकीवर नेऊन द्यायचे. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला, पोच दिली. खाली सही, आणि सहीखाली पूर्ण नाव.

(कोरणारा दगडावरच्या शेवटच्या नावाकडे बघतो. बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत जातं.)

कोरणारा : म्हणजे तुला हे नाव माहीत होतं.

पॉलिशवाली : तीनही पोचा आहेत घरी. पाठ आहे मला ते नाव.

कोरणारा : मग दगडावर दिसलं तेव्हा?

पॉलिशवाली : पहिल्याच दिवशी दिसलं. तुम्ही कोरून उठलात आणि मी भुकटी पुसली.

कोरणारा : दीड महिना झाला त्याला! रोज त्याच्यावरून हात फिरवतेस. बोलली का नाहीस?

पॉलिशवाली : मला वाटलं, बरोबर आहे.

कोरणारा : बरोबर कसं असेल?

पॉलिशवाली : मेलेल्यांची नावं वर, आणि ज्याच्यामुळे मेले त्याचं शेवटी. वाटलं, नगरपालिकेनं कबूल केलं असेल. उशिरा का होईना. मला बरं वाटलं होतं, काका. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं.

भाऊसाहेब : माझ्यामुळे नाही मेले. मी आवक कारकून होतो. आवक कारकून पत्र वाचत नाही, शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. इंजिनिअर रजेवर होते. मी त्यांच्या टेबलावर ठेवली. पुढे काय झालं ते माझं काम नाही.

पॉलिशवाली : वाचली नव्हती?

भाऊसाहेब : नाही म्हटलं ना.

पॉलिशवाली : तिसऱ्या वेळी तुम्ही पत्र उलगडलंत. बराच वेळ धरून होतात हातात. मला वाटलं आता काहीतरी होईल. मग म्हणालात, अक्षर छान आहे.

भाऊसाहेब : मी असं कशाला म्हणेन?

पॉलिशवाली : म्हणालात. मी धावत घरी गेले. वडिलांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, अक्षर छान आहे म्हणाले.

कोरणारा : भाऊसाहेब, पाणी देऊ का?

भाऊसाहेब : नको.

कोरणारा : बसा तरी. तो स्टूल घ्या, दगडाला टेकू नका, ओला आहे.

भाऊसाहेब : चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता. आवक रजिस्टरमध्ये अशी नोंद आहे का. टाकी पडली तेव्हा पाणी कचेरीत शिरलं होतं, खालच्या कपाटातली सगळी रजिस्टरं भिजली होती. मी म्हटलं, साहेब, रजिस्टर भिजलंय, नोंद सापडत नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

पॉलिशवाली : भिजलं होतं?

भाऊसाहेब : भिजलं होतं. पण वाचता येत होतं.

कोरणारा : हं.

भाऊसाहेब : घरात आई आजारी, नोकरीला आठ वर्षं झालेली. इंजिनिअर म्हणाले, ज्यानं टाकी भरली तो तर गेलाच आहे, त्याला आता काय त्रास होणार? मलाही तेव्हा ते पटलं. पंचवीस वर्षं मी त्या बसथांब्यावर उभा राहत नाही. दोन थांबे पुढे चालत जातो. मिसेस म्हणते, चालायची चांगली सवय आहे.

पॉलिशवाली : त्यांना त्रास झाला नाही. आम्हाला झाला. लोक आईला नळावर भांडं लावू देत नव्हते. आम्ही दोन वर्षं विहिरीवरून पाणी आणलं. पाणी सोडणाऱ्याचं घर.

भाऊसाहेब : तुम्हाला काय हवंय? भरपाई वगैरे माझ्या हातात नाही.

पॉलिशवाली : भरपाई कोणी मागितली? काका म्हणाले एक जागा रिकामी होतेय. मी कोणाची ते सांगितलं.

भाऊसाहेब : बाराखडीत बसत नाही ते. शेवटी येईल, सगळ्यात खाली.

पॉलिशवाली : ते सगळ्यात वर होते. पण चालेल.

भाऊसाहेब : कोरून टाका मग. त्यांचं नाव यांच्याकडून घ्या, आणि घाला.

कोरणारा : तोंडी नाव मी कोरत नाही, भाऊसाहेब. आधीच कागदावरून कोरलं तर हे झालं. मला लेखी लागेल. शुद्धिपत्रक की काय म्हणता ते. सहीनिशी.

भाऊसाहेब : माझ्या सहीनं समितीचा निर्णय बदलत नाही.

कोरणारा : मग लांबी भरतो. सोपं काम आहे. चार महिने तर काढायचेत तुम्हाला.

भाऊसाहेब : उद्या अध्यक्ष विचारतील, सत्तावीसचे अठ्ठावीस कसे झाले.

कोरणारा : विचारणारच. भाषणात सत्तावीस म्हणायचे आणि मागे दगडावर अठ्ठावीस. काय सांगाल?

भाऊसाहेब : सांगेन...

कोरणारा : बघा, घाई नाही. पण घासायला दोन तास आणि कोरायला तीन. साडेतीन झाले.

भाऊसाहेब : सांगेन, नोंद सापडली.

कोरणारा : पंचवीस वर्षांनी?

भाऊसाहेब : वाळायला वेळ लागला म्हणेन. नाही, तसं नको. सापडली म्हणेन. कुठे होती विचारलं तर माझ्याकडे होती म्हणेन. रजिस्टर माझ्याच कपाटात आहे अजून, तळाच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून. उद्या घेऊन येतो ते. पोचा तुम्ही आणाल का?

पॉलिशवाली : आई आणेल. तिला यायचं नव्हतं उद्या. आता येईल.

भाऊसाहेब : मग पुढच्या रांगेत बसवा त्यांना. माझी खुर्ची आहे तिथे. मला बहुतेक लागणार नाही.

कोरणारा : निवृत्तीचं काय, भाऊसाहेब? चार महिन्यांवर आलीय. पेन्शन अडकवतील.

भाऊसाहेब : अडकवतील. मिसेसला आज काय सांगायचं ते बघतो. कागद आहे का?

कोरणारा : हा घ्या. मागची बाजू कोरी आहे.

भाऊसाहेब : हे तुम्हीच लिहा, बाई. 'शुद्धिपत्रक. स्मृतिफलकावरील यादीत पुढील नाव समाविष्ट करावे.' त्याखाली वडिलांचं पूर्ण नाव. त्याखाली 'व्हॉल्व्हमन' लिहा.

कोरणारा : बाकी कोणाचा धंदा लिहिलेला नाही.

भाऊसाहेब : नका कोरू. कागदावर असू द्या.

कोरणारा : आणि मथळ्यात अठ्ठावीस ना?

भाऊसाहेब : अठ्ठावीस.

कोरणारा : मीही तेच म्हणत होतो. सही जरा लांब करा, खालच्या कोपऱ्यात. आणि तुमचं ते पूर्ण नाव आज नका लिहू, नाहीतर मी परत कोरून बसेन.

भाऊसाहेब : नाव लिहिणार. वर 'तपासले' असं हातानं लिहितो, ठळक.

कोरणारा : अगं, तू तेवढ्यात पाणी सुरू कर. घासायला घेऊ यांना.

पॉलिशवाली : मी घासते. तुम्ही वरचा आकडा घ्या, काका. हा कागद झाला लिहून.

भाऊसाहेब : द्या इकडे. कुठे, इथे करू ना सही?

पॉलिशवाली : हं.

भाऊसाहेब : अक्षर तेच आहे.

पॉलिशवाली : आधी वाचा.